पाण्याची खोली विचारू नकोस, तळाची उंची विचार

पत्र :

काकू, नमस्कार. आम्ही जॉर्जियात जॉन्स क्रीकला राहतो. मुलं नऊ आणि सहा वर्षांची आहेत. लेक लॅनिअरच्या उत्तर भागात, एका कोव्हमध्ये, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या पाण्याच्या फाट्यात, घर पाहिलं. मागच्या अंगणातून खाली वाट उतरते आणि तिथे दोन बोटींचा डॉक आहे. एजंट म्हणतो, ‘डीप वॉटर’ आहे. मी जूनच्या तिसऱ्या शनिवारी रंगाच्या रोलरचा लांब दांडा डॉकच्या बाहेरच्या टोकाशी बुडवून पाहिला, नऊ फूट पाणी लागलं. आम्हाला पॉन्टून, म्हणजे तरंगत्या नळकांड्यांवरची सपाट बोट, घ्यायची आहे. नऊ फूट पुरे ना? बायकोचं म्हणणं उलटं आहे. मुलं लहान आहेत, तर उथळ पाण्याचंच घर शोधू म्हणते. बाबा कऱ्हाडला असतात, वय ७४, गुडघे दुखतात. ते फोनवर एवढंच म्हणाले, ‘पाण्याकाठी घर घेऊ नकोस.’ त्यांचं मूळ गाव कोयनेच्या पाण्यात गेलं. एजंट घाई करतोय, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणतो. काय करू?

उत्तर :

तू माझ्या मुलाच्या वयाचा, म्हणून अरे-तुरे करते. तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला मनापासून आवडली, ती म्हणजे तू दांडा पाण्यात घातलास. घर बघायला येणारे लोक स्वयंपाकघरातली कपाटं उघडून बघतात, छप्पर किती जुनं ते विचारतात आणि डॉकवर आले की पाण्याकडे बघत उभे राहतात. मोजत कुणी नाही. आम्हीही मोजलं नव्हतं. तू मोजलंस, तर आता त्या मोजमापाचा अर्थ लावू, कारण नऊ फूट हा आकडा एकटा काहीच सांगत नाही.

लॅनिअरला सगळे लेक म्हणतात, पण तो आहे धरणाचा फुगवटा. चॅटाहूची नदीवर ब्युफर्ड धरण बांधलं, १९५६ च्या फेब्रुवारीत दारं बंद केली आणि पाणी चढत चढत पुरतं भरायला १९५९ साल उजाडलं. धरणाचं पाणी एका जागी ठरून राहत नाही. वरून किती येतं आणि खाली किती सोडतात, त्यावर ते चढतं-उतरतं. म्हणून इथे पातळी समुद्रसपाटीपासूनच्या फुटांत सांगतात. उन्हाळ्यात तलाव भरला म्हणजे १०७१ फूट, हिवाळ्यात १०७०. धरण चालवणारं खातं म्हणजे आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स. इथे सगळे त्याला नुसतं ‘कोअर’ म्हणतात. ते रोजची पातळी जाहीर करतं आणि मागच्या वर्षांच्या नोंदीही बघता येतात.

तू तारीख लिहिलीस, त्या दिवसाची पातळी लिहिली नाहीस. ती आधी शोधून काढ. जूनमध्ये तलाव बहुधा भरलेला असतो, म्हणून तूर्त १०७१ धरू. त्यातून नऊ वजा कर. तुझ्या डॉकच्या टोकाखालची जमीन १०६२ फुटांवर आहे. हा १०६२ चा आकडा वहीत मोठा लिहून ठेव. पाणी रोज बदलेल, ही जमीन तिथेच राहणार आहे. यापुढे कुणीही तुला ‘इथे बारा फूट पाणी आहे’, ‘पंधरा फूट आहे’ असं सांगितलं तर विचार, कुठल्या दिवशी? त्या दिवशी पातळी किती होती? वजाबाकी कर आणि तळाची उंची काढ. दोन घरांची तुलना करायची ती याच आकड्याची.

आता तुझा १०६२ घेऊन जुन्या नोंदींशेजारी ठेव. बऱ्याच वर्षी शरद येईपर्यंत तलाव तीन-चार फूट उतरतो, म्हणजे तुझ्याकडे पाचेक फूट पाणी उरेल. तेवढ्यात पॉन्टून चालेल. २०१६ च्या अखेरीस दुष्काळ पडला तेव्हा तलाव पूर्ण पातळीच्या सुमारे दहा फूट खाली होता. तसं झालं तर तुझ्या डॉकचं टोक कोरड्यावर. २०१२ च्या अखेरीस पाणी त्याहूनही खाली होतं. आणि २००७ च्या डिसेंबरात पातळी १०५०.७९ पर्यंत गेली. ही आजवरची नीचांकी नोंद. त्या दिवशी तुझा तळ पाण्याच्या अकरा फूट वर असता.

म्हणजे आज तू जिथे उभं राहून पाण्यात दांडा घातलास, ती जागा दुष्काळी साली एक उतार आहे, लाल मातीचा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आम्ही २००५ च्या वसंतात घर घेतलं. तुझ्यासारखाच कोव्ह, तुझ्यासारखाच दोन बोटींचा डॉक, आणि विकणाऱ्या एजंटने तेच दोन शब्द सांगितले होते. तलाव काठोकाठ भरला होता. पहिली दोन वर्षं इतकी सुखाची गेली की मी माहेरी फोन करून पाण्याचा आवाज ऐकवायची. २००७ च्या उन्हाळ्यात पाणी उतरायला लागलं. आधी काठावरची लाल पट्टी रुंद झाली. मग डॉकचा एक कोपरा जमिनीला टेकला आणि डॉक वाकडा झाला. आमची बोट आतच होती. ‘पुढच्या आठवड्यात पाऊस आहे’ म्हणत आम्ही ती काढली नाही आणि एका सकाळी ती चिखलात बसलेली दिसली. नोव्हेंबरात मी चपला घालून कोव्हच्या मधोमध चालत गेले. भेगाळलेली माती, कापलेल्या झाडांचे बुंधे, जुने टायर, तारेच्या कुंपणाचा एक खांब. त्याच महिन्यात, १३ नोव्हेंबरला, गव्हर्नर सनी पर्ड्यू यांनी अटलांटात विधानभवनासमोर पावसासाठी प्रार्थना घेतली. ते टीव्हीवर बघताना मला गावाकडची धोंडी आठवली. डोक्यावर कडुलिंबाचा पाला घेऊन दारोदार जाणारी पोरं, आणि बायका त्यांच्यावर तांब्याने पाणी ओतताना म्हणायच्या, ‘धोंडी धोंडी पाणी दे.’ माणसं सगळीकडे सारखीच हतबल होतात.

माझे वडील पाटबंधारे खात्यात होते, उजनीवर. उन्हाळ्यात उजनी उतरली की पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडतं, ते बघायला ते आम्हाला न्यायचे. त्या वर्षी मी त्यांना रडत फोन केला, तर त्यांनी शांतपणे विचारलं, ‘पूर्ण संचय पातळी किती? मृतसाठा कुठे संपतो? घर घेताना विचारलं होतंस का?’ धरणावरच्या माणसाची मुलगी मी, आणि हे दोन प्रश्न मला सुचले नव्हते. लॅनिअरचा वापरायचा साठा १०७१ पासून खाली १०३५ पर्यंत धरलेला आहे. म्हणजे छत्तीस फूट. ते पाणी वापरण्यासाठीच साठवलं आहे, आपल्या डॉकखाली उभं राहण्यासाठी नाही. तलाव पुन्हा पूर्ण भरला तो २००९ च्या ऑक्टोबरात. दोन वर्षं आमची बोट आणि डॉक दोन्ही असून नसल्यासारखे होते, आणि हप्ते मात्र दर महिन्याला जात होते.

पाणी इतकं उतरतं आणि परत यायला इतका वेळ लावतं, याला कारण आहे. धरणाच्या मागचं पाणलोट क्षेत्र सुमारे हजार चौरस मैलांचं आहे, पुढे फ्लोरिडापर्यंत जाणाऱ्या सगळ्या खोऱ्याच्या पाच-सहा टक्केच. भांडं मोठं आणि पन्हळ लहान. त्यात अटलांटा शहर आणि आजूबाजूचे तालुके पिण्याचं पाणी इथूनच घेतात, शिवाय खाली नदीसाठी, विजेसाठी पाणी सोडावं लागतं. जॉर्जिया, अलाबामा आणि फ्लोरिडा या पाण्यासाठी तीस वर्षांच्या आसपास भांडत होते. फ्लोरिडाचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळला. पण निकाल कुणाच्या बाजूने लागला म्हणून पाऊस जास्त पडत नाही. असा दुष्काळ पुन्हा येणार असं धरूनच घर निवडायचं.

तर नऊ फूट पुरे का? पॉन्टूनला मोटार खाली सोडल्यावर अडीच-तीन फूट पाणी लागतं. खाली बुंधे असू शकतात, दुसऱ्या बोटींच्या लाटांनी बोट वर-खाली होते, म्हणून पाच फूट धरावं. बोट उचलून ठेवणारी लिफ्ट बसवलीस तर तिची चौकट पाण्याखाली आणखी उतरते, तिचं माप वेगळं विचार. २०१६ सारख्या सालीही बोट वापरता यावी अशी इच्छा असेल, तर तळ १०५६ च्या आसपास किंवा खाली हवा. म्हणजे जूनमध्ये पंधरा फूट. २००७ सारख्या सालीही हवी असेल तर पंचवीसेक फूट. तितका खर्च करायचा की तशा सालात बोट मरीनात, म्हणजे बोटी ठेवायच्या धक्क्यावर, नेऊन ठेवायची, हा तुझ्या खिशाचा प्रश्न आहे. मी असते तर २०१६ पुरतं पाणी बघितलं असतं आणि २००७ साठी मनाची तयारी ठेवली असती.

पण थांब, लगेच त्या घरावर फुली मारू नकोस. लॅनिअरवरचे डॉक तरंगते असतात. लोखंडी दोरांनी काठाला बांधलेले, वर जायला एक छोटा पूल. पाणी उतरलं की दोर सैल करून डॉक बाहेर, खोल पाण्याकडे ढकलतात. पाणी चढलं की परत ओढतात. म्हणून तुझा खरा प्रश्न आजच्या टोकाखाली किती, हा नाहीच. तिथून वीस फूट, चाळीस फूट, साठ फूट पुढे तळ कुठे जातो, हा आहे. काही कोव्हमध्ये तळ भराभर खाली जातो. तिथे डॉक थोडा सरकवला की काम होतं. काहींमध्ये तो थाळीसारखा पसरट असतो, कितीही सरकवा, पाणी तेवढंच. शिवाय कोव्ह अरुंद असेल तर समोरचा आणि शेजारचाही त्याच खोल पट्टीकडे सरकतो. डॉक एकमेकांपासून किती अंतरावर हवेत आणि कोव्हचा किती भाग अडवता येतो, याचेही नियम आहेत. आमच्याकडे तेच झालं. सरकवायला पाणी होतं, जागा नव्हती.

आणखी एक. हे सरकवणं कोण करणार? दुष्काळात पाणी आठवड्याला फूटभरही उतरू शकतं. एक कोपरा टेकू दिला की चौकट पिळवटते, खालचे तरंगते खोके फुटतात. तू कामासाठी महिन्यातले पंधरा दिवस बाहेर असशील तर पैसे देऊन माणूस लावावा लागेल. तो खर्च आत्ताच विचारून हिशेबात धर.

मोजायला परत जाशील तेव्हा दांडा नेऊ नकोस. लॅनिअरच्या उत्तरेला चॅटाहूची आणि चेस्टाटी या दोन नद्या येऊन मिळतात आणि दोन्ही आपल्याबरोबर गाळ आणतात. वरच्या बाजूला घरं बांधली गेली, झाडं तुटली की प्रत्येक ओढा लाल पाणी घेऊन येतो आणि ते कोव्हच्या पोटात, म्हणजे ओढा जिथे शिरतो तिथे, बसतं. दांड्याचं बारीक टोक त्या मऊ गाळात सहज अर्धा-पाऊण फूट रुततं आणि आपल्याला पाणी जास्त वाटतं. तुझे नऊ फूट कदाचित साडेआठच असतील. घर कोव्हच्या तोंडाशी आहे की पोटाशी, हे तू लिहिलं नाहीस. पोटाशी असेल आणि मागून ओढा येत असेल, तर मघाशी ‘जमीन तिथेच राहणार’ म्हटलं त्याला हा अपवाद समज. तिथला तळ दर वर्षी वर येतो. गाळ काढायला कोअरची परवानगी लागते, खर्चही थोडाथोडका नसतो.

डॉकचे चारही कोपरे मोज. मग एखाद्याची लहान होडी किंवा कयाक घेऊन डॉकपासून कोव्हच्या तोंडापर्यंत, बोट ज्या वाटेने जाईल त्या वाटेवर, दर पन्नासेक फुटांवर मोज. हे कुणीच करत नाही आणि फसतात इथेच. डॉकखाली पंधरा फूट आणि तोंडाशी मधेच एक उंचवटा, त्यावर सहा फूट, असं असलं तर तुझी खरी खोली सहा फूट. पूर्वी तिथे टेकडीची सोंड असते, ती पाण्याखाली गेली तरी सोंडच राहते. मच्छीमारांचा फिश फाइंडर, म्हणजे मासे आणि पाण्याची खोली दाखवणारं यंत्र, कुणाकडे असेल तर मागून घे, काम पटकन होईल. अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्याचे धरणाआधीचे जुने नकाशे फुकट बघायला मिळतात. त्यांत समउंचीच्या रेषा आहेत. तुझ्या कोव्हच्या जागी त्या वेळी दरी होती की सपाट शेत होतं, याचा अंदाज तिथे येईल. आणि घरबसल्या करण्यासारखं सगळ्यात सोपं काम म्हणजे गुगल अर्थमध्ये काळ मागे नेऊन २००७ ते २००९ या काळातलं, शिवाय २०१२ आणि २०१६ च्या हिवाळ्यातलं जे चित्र मिळेल ते बघणं. तुझा कोव्ह त्यात निळा-हिरवा दिसतो की लाल, एवढं बघ. एजंटच्या शंभर शब्दांपेक्षा ते चित्र खरं.

पाणी वर चढतं तेही लक्षात ठेव. पुरासाठी राखलेली जागा १०८५ पर्यंत आहे. घर त्याच्या वर असणारच, पण मागच्या अंगणाचं खालचं टोक, पूल आणि विजेच्या जोडण्या बघून घे.

आता एक गोष्ट जी एजंटने तुला सांगायला हवी होती. लॅनिअरवर तू घर विकत घेशील, काठ नाही. पाण्यालगतची जमीन कोअरची, म्हणजे सरकारची आहे. तुझ्या हद्दीची खूण बहुधा १०८५ च्या रेषेच्या आसपास संपते. तिथून खाली वाट काढायची, पायऱ्या करायच्या, झाड तोडायचं, प्रत्येक गोष्टीला परवानगी लागते. डॉकचा परवानाही पाच वर्षांचा आणि त्या मालकाच्या नावाचा असतो. घराबरोबर तो आपोआप तुझा होत नाही. तुला स्वतःच्या नावाने अर्ज करावा लागतो आणि डॉक नियमांत बसतो का हे तेव्हा तपासलं जातं. आधीच्या मालकाने न विचारता डेक वाढवला असेल, वायरिंग नियमाबाहेरचं असेल, तर ते दुरुस्त करण्याचं काम तुझ्या गळ्यात येतं. काठाचेही भाग पाडले आहेत. सगळीकडे खासगी डॉक चालत नाही, आणि पूर्ण तलावावर किती डॉक असावेत यालाही दहा हजारांच्या थोडी वर अशी मर्यादा आहे. म्हणून परवान्याची प्रत माग, त्यावरचा क्रमांक घेऊन कोअरच्या ब्युफर्डच्या कार्यालयात स्वतः जा आणि तिथल्या रेंजरला विचार. ते लोक नीट माहिती देतात. जॉर्जियात करारात ड्यू डिलिजन्सचे दिवस असतात, त्या मुदतीत कारण न देता माघार घेता येते. ते दिवस कमी करू देऊ नकोस, उलट वाढवून माग. दुसरं गिऱ्हाईक असेल तर असू दे. मोजू न देणारा माणूस आपल्याला हे घर विकायला लायक नाही असं समज.

तुझ्या बायकोचं म्हणणं मी बाजूला टाकणार नाही. तिची भीती खरी आहे, लॅनिअरमध्ये दर वर्षी माणसं बुडतात. पण उथळ पाण्याने ती भीती कमी होणार नाही. सहा वर्षांच्या मुलाला चार फूट पाणी आणि वीस फूट पाणी सारखंच. उलट उथळ कोव्हमध्ये गढूळ पाण्याखाली बुंधे, काचा, जुन्या तारा असतात. तिथे सूर मारला तर मान मोडते. मुलांना सांग की कितीही ओळखीची जागा असो, डोकं खाली करून पाण्यात उडी मारायची नाही. जॉर्जियाच्या कायद्याने तेरा वर्षांखालच्या मुलाने चालत्या बोटीत लाइफ जॅकेट घातलंच पाहिजे. तुमच्या घरी तो नियम डॉकवर पाऊल टाकल्यापासून सुरू करा, मोठ्यांसकट. दोघांनीही पोहायला शिका, मुलांआधी तुम्ही.

आणि विजेचं मात्र मी तुला विनवून सांगते. डॉकवर दिवे, पंखा, बोटीची लिफ्ट यासाठी वीज नेलेली असते. कुठे वायर सोलली गेली असेल तर प्रवाह पाण्यात उतरतो. गोड्या पाण्यापेक्षा माणसाचं शरीर वीज चांगली वाहतं, म्हणून तो प्रवाह पोहणाऱ्याच्या अंगातून जातो, स्नायू आखडतात आणि चांगला पोहणारा माणूस आवाज न करता बुडतो. वरून काही दिसत नाही. डॉकचं वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतल्याशिवाय कुणालाही तिथे पाण्यात उतरू देऊ नकोस, आणि तपासल्यावरही वीज चालू असताना डॉकभोवती पोहणं नको. वाचवायला दुसऱ्याने उडी मारली तर तोही जातो. आधी वीज तोडायची, मग दोर किंवा तरंगतं कडं फेकायचं, हे मुलांनाही पाठ करायला लाव.

आता बाबा. तू त्यांचं वाक्य पत्राच्या शेवटी लिहिलंस, मी मात्र तिथेच सगळ्यात जास्त वेळ थांबले. ज्या माणसाने लहानपणी आपलं घर, आपली जमीन पाण्याखाली जाताना पाहिली, त्याला धरणाचं पाणी सुंदर दिसावं अशी अपेक्षा आपण करू नये. त्यांना गप्प करण्यासाठी युक्तिवाद शोधू नकोस. उलट त्यांना सांग की या लॅनिअरखालीही लोकांची शेतं, घरं, रस्ते आहेत. ती जमीन देऊन शेकडो कुटुंबं उठून गेली, थडगीसुद्धा हलवावी लागली. हे त्यांना कळायला हवं आणि तुझ्या मुलांनाही. इथे राहून ते विसरायचं नाही, एवढा शब्द त्यांना दिलास तर कदाचित त्यांचं मन थोडं हलकं होईल. त्यांचा विरोध राहिलाच तर राहू दे, पण घर घेतल्यावर त्यांना पहिल्यांदा आणशील तेव्हा काठोकाठ भरलेल्या दिवसांत आण.

त्यांच्या गुडघ्यांचा आणि पाण्याच्या खोलीचा थेट संबंध आहे, तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. जिथे जमीन घरापासून तीव्र उतरते, तिथे तो उतार पाण्याखालीही तसाच पुढे जातो, म्हणून पाणी खोल मिळतं आणि पायऱ्या ऐंशी-नव्वद. जिथे अंगण सपाट चालत पाण्यापर्यंत जातं, तिथे पाणीही सपाट, म्हणजे उथळ. दोन्ही एकाच घरात मिळणं दुर्मिळ, आणि मिळालं तर त्याचे पैसेही तसेच मोजावे लागतात. तू पत्रात ‘उतरती वाट’ लिहिलंस, पायऱ्या नाही, म्हणून मला संशय येतो की तुझा कोव्ह पसरट आहे. माझा कौल विचारशील तर खोल पाणी घे आणि बाबांसाठी वरच्या मजल्यावर, जिथून पाणी दिसेल तिथे, पाठीला आधार असलेली आरामखुर्ची ठेव. दोन-चार महिने राहायला आलेल्या माणसाला डॉकपर्यंत जायची गरज नसते. संध्याकाळी चहा घेत बसायला जागा हवी असते.

लॅनिअर सोडून दुसरीकडे बघणाऱ्या वाचकांसाठी इतकंच, की हीच वजाबाकी सगळीकडे चालते, आकडे वेगळे. ऑस्टिनजवळचा लेक ट्रॅव्हिस ६८१ फुटांना भरतो आणि १९५१ मध्ये तो ६१४ पर्यंत गेला होता. न्यू जर्सीतल्या लेक होपॅटकाँगचं पाणी तर दर पाच वर्षांनी मुद्दाम पाच फूट उतरवतात, काठावरची दुरुस्ती करता यावी म्हणून. तिथे दुष्काळाची वाट बघायला नको, पुढची पाळी कधी ते विचारा.

तुला आता घाई करायची नाही. जमलं तर हेच घर नोव्हेंबर-डिसेंबरात पुन्हा बघ, तलाव उतरलेला असताना. तेवढं थांबणं शक्य नसेल तर या शनिवारी जाऊन मोज. सुताचा जाड दोर घे, चाळीस फूट. आधी बादलीत रात्रभर भिजव, कारण सुती दोर ओला झाला की आखडतो आणि कोरड्यावर मारलेल्या गाठी खोट्या पडतात. ओल्या दोरावर फुटाफुटाला गाठ मार, दर पाचव्या गाठीला रंगीत चिंधी बांध. खाली व्यायामाच्या वजनाची पाच पौंडी गोल चकती लाव, मधल्या भोकातून दोर ओवून खाली घट्ट गाठ, म्हणजे ती आडवी टेकेल आणि गाळात रुतणार नाही. लाइफ जॅकेट घालून जा. एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं. वहीत प्रत्येक आकड्यापुढे जागा, आणि सगळ्यात वर तारीख व त्या दिवशीची तलावाची पातळी. ते पान मला पाठव.